देशावरचा उन्हाळा आणि जुनें घर

यंत्रानें हवा थंड करण्याची विद्या फार जुनी नाहीं. अमेरिकेंत ब्रुकलिन येथील एका छापखान्याचा कागद दमट हवेनें बिघडूं नये म्हणून विलिस कॅरियर यानें १९०२ सालीं तिची पहिली योजना आंखली. महाराष्ट्रांत वैशाख मात्र त्याच्या कितीतरी आधींपासून तापत आला आहे. जुन्या लोकांनीं त्याला तोंड कसें दिलें, हें पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. गारव्यासाठीं करावयाचा खर्च ते घर बांधतांना एकदांच करीत. दरमहा करीत नसत.

पुण्याचा पेशवाईंतील वाडा घ्यावा. देशावर उन्हाळ्याचा दिवस कडक, परंतु हवा कोरडी असल्यामुळें रात्र निवते. वाड्याची सारी रचना या गोष्टीवर बेतलेली असे. दगडी जोत्यावरच्या जाड भिंती दिवसभर ऊन सोशीत. तो ताप आंत पोंचेपर्यंत सांज होई. रात्रीं मधल्या उघड्या चौकांत थंड हवा उतरे आणि सोप्यांतून माजघरांत शिरे. सकाळीं दारें-खिडक्या लावून घेतल्या कीं तो गारवा दुपारपर्यंत पुरे. दुसऱ्या बाजीरावाच्या (१७९६–१८१८) काळांतील विश्रामबागवाड्यांत चौकांची ही रचना आजही पाहावयास मिळते.

भिंत ऊन अडविते. पण हवाच गार करावयाची तर पाणी हवें. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. विजेच्या हिशेबानें ती एका युनिटाच्या दोनतृतीयांशाएवढी भरते. माठांतील पाणी याच न्यायानें निवतें. निजामशाहींत १५८३ सालीं पुरा झालेला अहमदनगरचा, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरचा, फराहबाग महाल तळ्याच्या मधोमध उभारला, त्यांतील मर्म हेंच. कोरडा वारा पाण्यावरून येतांना निवूनच दालनांत शिरे. कोंकणांत ही युक्ति चालत नाहीं, कारण तेथील हवा आधींच ओली. म्हणून तेथें उतरतें छप्पर, खोल पडवी आणि वाऱ्याला मोकळी वाट यांवर भर दिला गेला.

तथापि जुना गारवा फुकट मिळत होता, असें मानणें न्यायाचें नव्हे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडणारा आणि कचेरीच्या छताचा पंखा बाहेर ओसरीवर बसून दोरीनें ओढणारा नोकर, या दोघांच्या वांट्याला उन्हाची झळच येई. साहेबाच्या वाऱ्याचें मोल त्यांच्या हातांनीं दिलें. विजेच्या पंख्यानें ही राबणूक संपविली, हा त्याचा मोठाच उपकार होय.

थंड हवेच्या यंत्राविषयीं तसें निःशंकपणें म्हणतां येत नाहीं. तें उष्णता नाहींशी करीत नाहीं. खोलींतली उष्णता, आपली भर घालून, बाहेर टाकतें. एकाचा गारवा तो शेजारच्या गल्लीचा ताप होतो. दीड टनाचें यंत्र भर जोरानें चालतांना सुमारें दीड किलोवॅट वीज घेतें. नव्या तऱ्हेचा छताचा पंखा तीस वॅटच्या आसपास. म्हणजे एका यंत्राच्या विजेंत पन्नास पंखे फिरतील. भारत सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या सांगण्याप्रमाणें यंत्रावरचें तापमान एक अंशानें वाढविलें तर सुमारें सहा टक्के वीज वांचते. २०२० सालापासून नवीं यंत्रें मुळांतच २४ अंशांवर लावलेलीं असावींत, असा नियमही झाला आहे.

वाडे पुन्हां बांधले जाणार नाहींत, आणि चौकाएवढी जागा शहरांत परवडणारही नाहीं. परंतु वाड्यानें घालून दिलेला क्रम पाळतां येतो. प्रथम ऊन बाहेरच अडवावें: गच्चीला पांढरा चुना द्यावा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करावी. मग रात्रीची हवा आंत घेऊन दिवसां दारें लावावींत. त्यानंतर पंखा, आणि अगदीं निरुपाय झाला तरच यंत्र. या क्रमानें चालणाऱ्या घराचें बिल कमी येईल, आणि त्याच्या सुखाचा ताप दुसऱ्याच्या दारीं जाणार नाहीं.