आपोआप बंद, आपोआप चालू : डोंबिवलीतल्या एका तक्रारीचा इतिहास

माझ्या दुकानात वह्यांचा एक गठ्ठा आहे. १९९७ पासून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरची त्यात नोंद आहे. डाव्या रकान्यात तारीख, गिऱ्हाइकाची सोसायटी आणि तक्रार त्याच्याच शब्दांत. उजवा रकाना दोष सापडेपर्यंत कोरा असतो आणि सापडला की लाल शाईनं भरतो. ही शिस्त मला ज्यांनी लावली त्यांच्याकडे मी रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती शिकलो. ते म्हणायचे, ‘सेट दुरुस्त झाला म्हणून काम संपत नाही, का बिघडला ते कळलं की संपतं.’

डाव्या रकान्यात सगळ्यांत जास्त वेळा आलेलं वाक्य एकच आहे : ‘सीपीयू आपोआप बंद होऊन परत चालू होतो.’ सीपीयू म्हणजे आमच्याकडे अख्खा डबा. प्रोसेसर, मदरबोर्ड, हार्ड डिस्क, सगळं त्यात आलं. पंचवीस वर्षं हे वाक्य बदललं नाही. लाल शाईतलं उत्तर मात्र दर चार-पाच वर्षांनी बदलत गेलं. ती उत्तरं ओळीनं वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की हा डोंबिवलीच्या विजेचा, पावसाचा आणि केबलचाही इतिहास आहे. तो लिहून ठेवावा असं वाटलं.

आमचा धंदा रेडिओ-टीव्हीच्या टेबलावरच उभा राहिला. मी आयटीआयमधून त्याच ट्रेडचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलो. माझ्या आगेमागे कॉम्प्युटरकडे वळलेले बरेचजण टेपरेकॉर्डर, टीव्ही, कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारेच होते. पुण्याचे कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी १९९० च्या दशकात व्हायरस काढायचा प्रोग्राम लिहिला आणि त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. सोल्डरिंगची गन हातात धरलेल्या माणसाला यंत्राच्या आत काय चाललंय याची ओढ असते, ती तिथवर घेऊन जाते.

घरगुती कॉम्प्युटर डोंबिवलीत मोठ्या प्रमाणावर आला तो विंडोज ९५ नंतर. कोणी बोनसमधून घेतला, कोणी पतपेढीचं कर्ज काढून. बहुतेक असेंबल्ड. सुटे भाग आणायला लॅमिंग्टन रोड. पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोडला उतरायचं, दुकानं फिरायची, परतताना दादरला गाडी बदलून डोंबिवली. पंधरा इंची काचेचा मॉनिटर मांडीवर घेऊन मी मालडब्यात बसून आणलाय. खोका हातचा सुटू नये म्हणून ठाण्यापर्यंत घाम पुसायलाही हात मोकळा नसे.

तेव्हाच्या वह्यांमध्ये लाल शाईत बहुतेक वेळा एकच शब्द आहे : वीज.

कॉम्प्युटर बंद होऊन लगेच परत उठतो तो कसा, हे आधी सांगतो. भिंतीतली २३० व्होल्टची वीज एसएमपीएस नावाच्या पेटीत जाते आणि बारा, पाच आणि सव्वातीन व्होल्टच्या आसपासची होऊन बाहेर पडते. त्या तारांत एक करड्या रंगाची असते. पेटीतून निघणारी वीज ठीक आहे तोवर या तारेवर पाच व्होल्ट असतात. ते खाली गेले की मदरबोर्ड प्रोसेसरला जागच्या जागी थांबवतो आणि वीज सावरली की पहिल्यापासून सुरू करतो. आपल्या विजेची एक लहर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पुरी होते. चांगली पेटी साधारण तेवढा वेळ स्वतःच्या साठ्यावर काढते. हलकी पेटी तेवढाही काढत नाही. घरातला बल्ब नुसता मिचकावतो, माणसाला कळतही नाही, आणि कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो.

१९९९ ची एक नोंद. गोग्रासवाडीतलं घर, पहिला मजला, मुलगा बारावीला. तीन वेळा कॉम्प्युटर दुकानात आणला, तिन्ही वेळा माझ्याकडे दिवसभर नीट चालला. मुलाच्या आईचा धीर सुटत चालला होता. त्या म्हणाल्या, ‘दादा, आमच्या घरात आला की याला काय होतं?’ मी त्यांना एक काम दिलं : बंद झाला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहायची. आठवड्यानं गेलो. कालनिर्णयच्या चौकटींत बारीक अक्षरांत वेळा मांडलेल्या होत्या. सकाळी साडेदहाच्या आगेमागे, संध्याकाळी पाचच्या आगेमागे, आणि सोमवारची चौकट कोरी.

मी साडेदहापर्यंत थांबलो. पोहे खाऊन झाले होते. खालून एक घरघर सुरू झाली आणि समोरचा पडदा काळा पडून परत पहिल्या पाटीवर आला. तळमजल्यावर पिठाची गिरणी होती. सकाळी साडेदहाला उघडायची, दुपारी बंद, संध्याकाळी पाचला परत. सोमवारी सुट्टी. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, त्या क्षणी बिल्डिंगचं व्होल्टेज खाली जायचं. त्या घरात अर्थिंगची तारही नळाच्या पाइपला गुंडाळलेली होती. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग नीट करून घेतलं, एसएमपीएस बदलला, यूपीएस बसवला. वहीत लाल शाईनं लिहिलंय : ‘गिरणी.’ दुरुस्तीच्या माझ्या सगळ्या पद्धती या एका कॅलेंडरातून निघाल्या.

त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला मी दोन प्रश्न विचारू लागलो. पहिला : कधी होतं? दुसरा : बंद व्हायच्या आधी निळा पडदा चमकून जातो का? निळा पडदा दिसला तर विंडोज स्वतःच अडखळून पडतंय. एक्सपीमध्ये असं झालं की आपोआप रीस्टार्ट व्हायच्या पर्यायावर आधीपासून खूण केलेली असायची. ती काढली की निळा पडदा थांबतो आणि त्यावरचा एररचा नंबर वाचता येतो. पडदा न दिसता एकदम काळोख झाला तर विजेकडे बघायचं. तरीही शंका राहिली तर कॉम्प्युटर बायोसच्या सेटअपमध्ये नेऊन तासभर तसाच ठेवायचा. तिथं विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिथंही रीस्टार्ट झाला तर फॉरमॅट मारून काही उपयोग नाही. आणि बंद पडून बंदच राहिला, थोड्या वेळानं चालू झाला, तर बहुधा तापलाय. अशा वेळी डबा उघडला की हीटसिंकवर धुळीचा नमदा सापडायचा. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेला, वरून घरी शिवलेलं झालरीचं कव्हर. माया करून घातलेलं कव्हरच त्याचा श्वास कोंडायचं.

एमआयडीसीच्या निवासी भागातून येणाऱ्या डब्यांमध्ये आणखी एक गोष्ट दिसे. रॅमच्या पट्टीचे संपर्क निस्तेज झालेले, बोर्डावरचं उघडं तांबं काळं पडलेलं. रसायनांच्या हवेत धातू असा गंजतो. शाळेतल्या खोडरबरानं ते संपर्क हलकेच घासले की कॉम्प्युटर पुन्हा काही महिने शहाण्यासारखा चालायचा. माझ्या खिशात टेस्टरसोबत खोडरबर आजही असतं.

ऑगस्ट २००३ मध्ये वहीची पानं एका आठवड्यात भरली. तोवर केबलवाल्यांनी गच्च्यांवरून तारा ओढून बिल्डिंगा इंटरनेटला जोडल्या होत्या. ११ ऑगस्टला जगभर ‘ब्लास्टर’ नावाचा किडा पसरला. कुणी काही उघडायची, डाउनलोड करायची गरज नव्हती. विंडोज २००० आणि एक्सपीतल्या एका फटीतून तो तारेवरूनच आत शिरायचा आणि पडद्यावर उलटी मोजणी सुरू व्हायची. साठ सेकंद, मग रीस्टार्ट. मायक्रोसॉफ्टनं फट बुजवायचं ठिगळ १६ जुलैलाच दिलं होतं, पण आमच्याकडे ते ठाऊक कुणाला होतं? फोन अखंड वाजत होता. मी फोनवरच सांगायचो : स्टार्ट, रन, तिथं शटडाउन, जागा सोडून डॅश आणि ए. एवढं टाइप केलं की मोजणी थांबायची. मग ठिगळाच्या सीडी घेऊन मी आणि माझा मदतनीस सायकलवर घरोघर फिरलो. त्या दिवसांत अनेक ठिकाणी घाईनं फॉरमॅट मारले गेले, फोटो आणि प्रोजेक्ट गेले. नवं विंडोज टाकून केबल जोडली की काही मिनिटांत किडा परत हजर. पुढच्या वर्षी मेच्या सुरुवातीला ‘सॅसर’नं तीच गत केली. तो एका जर्मन शाळकरी मुलानं लिहिला होता. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकनं फायरवॉल आधीपासून चालू ठेवली आणि हे पान वहीतून मिटलं.

त्याच सुमाराला लाल शाईत नवा शब्द आला : कॅपॅसिटर. मदरबोर्डावर प्रोसेसरभोवती छोट्या उभ्या नळ्यांची रांग असते. विजेतल्या लहरी शोषून ती सपाट ठेवणं हे त्यांचं काम. या नळ्यांचं वरचं डोकं सपाट असतं आणि त्यावर फुलीसारखी खाच असते. २००० नंतरच्या काही वर्षांत तैवानमध्ये बनलेल्या असंख्य नळ्यांतलं द्रावण सदोष निघालं. आत वायू धरून डोकं फुगायचं, खाचेतून तपकिरी रस यायचा. जगभरचे बोर्ड यात गेले, मोठ्या कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर दुरुस्तीसाठी बाजूला काढले. डोंबिवलीत मात्र सांगितलं जायचं, ‘बोर्ड गेला, नवा घ्या.’ मी टेबललॅम्प खाली ओढून बोट फिरवायचो. फुगलेलं डोकं नजरेआधी बोटाला कळतं. जुनी नळी काढायची, भोकं साफ करायची, त्याच क्षमतेची आणि थोड्या जास्त व्होल्टची नवी बसवायची, उणे बाजूची पट्टी उलटी होऊ द्यायची नाही. काही रुपयांच्या पाच-सहा नळ्यांनी बोर्ड वर्षानुवर्षं चालायचा. टीव्हीच्या टेबलावर शिकलेलं हातकाम इथं कामाला आलं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, इकडे उल्हास नदी आणि खाडी दोन्ही फुगल्या. तळमजल्यांवरचे डबे चिखलासकट दुकानात आले. बोर्ड धुऊन, पंख्याखाली दिवसेंदिवस वाळवून त्यातले काही उठले. पण दिवाळीपर्यंत तेच डबे ‘आपोआप बंद’ म्हणून परत आले. जोडणीच्या खोबणीत गंज धरला होता.

त्याच वर्षी जूनमध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली होती. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ पासून बंद, मागणी वाढती, आणि लोडशेडिंग रोजचं. मुंबईत बेस्ट, टाटा, रिलायन्सची वीज अखंड, आणि खाडीच्या अलीकडे आम्ही वेळापत्रक पाहून मिक्सर लावायचो. आमच्या शेजारच्या ठाकुर्लीत रेल्वेनं एकेकाळी गाड्यांसाठी स्वतःचं वीजकेंद्र चालवलं होतं, हे मला त्या अंधारात नेहमी आठवायचं. घरोघर इन्व्हर्टर आले आणि तक्रार आली : ‘इन्व्हर्टर आहे तरी लाइट गेले की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.’ इन्व्हर्टरच्या पाठीमागं एक लहान खटका असतो, एका बाजूला नॉर्मल आणि दुसऱ्या बाजूला यूपीएस. नॉर्मलवर असताना इन्व्हर्टर विजेची अदलाबदल सावकाश करतो. पंखा-दिव्याला चालतं, कॉम्प्युटरला चालत नाही. खटका पलीकडे केला की काम झालं. त्याचे पैसे मी कधी घेतले नाहीत. लोडशेडिंगचा फटका यूपीएसच्या बॅटऱ्यांनाही बसायचा. रोज रिकाम्या होऊन पुरत्या भरत नसल्यामुळे त्या अकाली मरायच्या.

आता लोडशेडिंगची पानं विरळ झाली आहेत, लॅपटॉपला त्याची बॅटरी सांभाळते. तरी १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा वाहिनीवरच्या बिघाडानं मुंबई-ठाण्याची वीज गेली. लॉकडाउनमुळे वर्ग घरात भरत होते, माळ्यावरचे जुने डबे पुसून मुलांसमोर ठेवलेले होते. त्या आठवड्यात वहीत तेच जुनं वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं. आणि १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा प्रोग्रामच्या सदोष अपडेटमुळे जगातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळा पडदा दाखवत रीस्टार्ट होत राहिली, आपल्या विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहावे लागले. संस्था मोठ्या असतील, तक्रार गोग्रासवाडीतल्या त्या माउलीचीच होती.

इतक्या वह्यांत ‘आपोआप’ हा शब्द फक्त डाव्या रकान्यात आहे. उजव्या रकान्यात प्रत्येक वेळी काहीतरी कारण आहे : गिरणी, धूळ, किडा, फुगलेली नळी, गंज, खटका. कारण न शोधता भाग बदलत जाणं सोपं आहे आणि त्यात पैसाही जास्त मिळतो, पण ती दुरुस्ती नाही.

तुमचा कॉम्प्युटर असा वागू लागला तर फॉरमॅट मारू नका. आधी तुमच्या फाइलींची प्रत काढून ठेवा. मग कॅलेंडरवर आठवडाभर वेळा लिहा, त्या वेळी घरात आणि बिल्डिंगमध्ये काय चालू होतं तेही लिहा. तो कागद घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जा, आणि काम झाल्यावर दोष काय होता ते त्याच्याकडून लिहून घ्या.