लाकडात चढणारा रंग

माझे एक मित्र सुटीच्या दिवशी लेथवर लाकडी पेने तयार करतात. त्यासाठी लागणारा ठोकळा अगदी लहान असतो. बोटाएवढा जाड आणि जेमतेम पाच इंच लांब. एकदा त्यांना निळे पेन करायची हौस आली. त्यांनी शिसवीचा एक ठोकळा आठ दिवस निळ्या रंगात बुडवून ठेवला, वाळवला आणि लेथवर चढवला. पटाशी टेकताच निळा रंग भुश्याबरोबर उडून गेला आणि आत कोरे लाकूड उघडे पडले. "एवढासा तुकडा आठ दिवस भिजला, तरी रंग आत का शिरला नाही?" असे त्यांनी मला विचारले.

या प्रश्नाच्या मागे लागलो आणि एक मोठा इतिहास हाती आला. लाकूड रंगवण्याच्या खटपटीतून झाडात पाणी कसे चढते याचे कोडे उलगडत गेले, असा तो इतिहास आहे.

सुरुवात झाली फुलांपासून. १७०९ साली फ्रान्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ मान्योल यांनी निशिगंधाची दांडी एका वनस्पतीच्या फळांच्या लाल रसात ठेवली. पांढरी फुले लालसर झाली. १७२७ साली इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी पाने किती पाणी बाहेर टाकतात ते मोजून दाखवले. पानांतून पाणी जाते म्हणून खालून पाणी येते, एवढे कळले.

या ज्ञानाचा धाडसी उपयोग बॉर्दो शहरातील डॉक्टर ऑग्युस्त बूशरी यांनी केला. लाकूड कुजू नये म्हणून त्यात क्षार भरायचे होते, पण तोडून वाळवलेल्या लाकडात ते खोलवर जाईनात. बूशरी यांनी विचार केला, की हे काम झाडालाच का सांगू नये? पानांसकट झाड घ्यायचे, त्याच्या बुडाला कापलेल्या जागी द्रावण पुरवायचे, आणि पाने ते ओढून घेतील! १८४० साली त्यांनी हे प्रयोग फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ठेवले. सुमारे २८ मीटर उंचीच्या एका पॉप्लरचे बूड लोहाच्या क्षाराच्या द्रावणात फक्त २० सेंटिमीटर बुडवले होते. सहा दिवसांत त्या झाडाने सुमारे ३०० लिटर द्रावण ओढून घेतले.

मग बूशरी यांनी लाकूड रंगवूनही पाहिले. आधी लोहाचा क्षार आणि त्यामागून टॅनिनचे द्रावण दिले, की लाकूड काळे पडे. ही तर शाईच! आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई होत असे, तीच रासायनिक क्रिया इथे खोडाच्या आत घडत होती. लोहानंतर पोटॅशियम फेरोसायनाइड दिले, की निळा रंग येई. तयार रंगाचे न विरघळणारे कण चढवले असते, तर वाटा तुंबल्या असत्या. दोन विरघळलेले पदार्थ एकामागून एक पाठवल्यामुळे रंग जागेवरच तयार झाला आणि तिथेच अडकून बसला.

मात्र जुन्या झाडांचा गडद गाभा कोराच राही. याचे कारण लाकडाच्या रचनेत आहे. पाणी वाहते ते बाहेरच्या फिक्या लाकडातून, म्हणजे रसकाष्ठातून. आतल्या मध्यकाष्ठातील जलवाहिन्या राळ, टॅनिन किंवा शेजारच्या पेशींचे फुगे शिरून बंद झालेल्या असतात. मित्राचा शिसवी ठोकळा असल्याच गाभ्यातला होता.

पुढे बूशरी यांनी नुकतेच तोडलेले ओंडके घेतले आणि सुमारे दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून मोरचुदाचे द्रावण त्यांच्या टोकातून आत दाबले. फ्रान्समधील तारायंत्राचे खांब या रीतीने टिकाऊ केले जात. दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे जवळजवळ एक वातावरण. पंपाने वरून हवा काढून घेतली, तरी पाणी याहून वर चढत नाही. मग २८ मीटर उंचीच्या झाडात द्रावण चढलेच कसे?

खोडातल्या जिवंत पेशी ते ढकलत असतील, असे काहींना वाटे. १८९१ साली जर्मनीतील एदुआर्द श्ट्रासबुर्गर यांनी हा तर्क पारखून पाहिला. सुमारे २२ मीटर उंचीचा ओक बुडाशी कापून त्यांनी तो पिक्रिक आम्लाच्या द्रावणात उभा केला. या विषाने खोडातल्या पेशी मेल्या. तीन दिवसांनी त्यांनी त्याच द्रावणात फुक्सिन हा लाल रंग मिसळला. मेलेल्या लाकडातूनही रंग वर चढला! १८९४ साली डब्लिनमधील डिक्सन आणि जोली यांनी याचे स्पष्टीकरण मांडले. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पानातून पाणी उडाले, की अखंड पाण्याचा धागा वर ओढला जातो.

पेनाच्या वाळलेल्या ठोकळ्यात हा धागा तुटलेला असतो. पाने नसतात आणि पोकळ्यांत हवा भरलेली असते. म्हणून आजचे कारागीर सच्छिद्र लाकूड निवडतात, ते पूर्ण वाळवतात, रंगीत द्रव रेझीनमध्ये बुडवतात आणि बंद भांड्यातून हवा काढून घेतात. बुडबुडे थांबले की हवा परत आत सोडतात. वातावरणाचा दाब रेझीनला लाकडात रेटतो. नंतर भट्टीत तापवले की ते घट्ट होते. माझ्या मित्राने बुरशीने पोखरलेले, एरवी चुलीत गेले असते असे आंब्याचे लाकूड असे रंगवले. पेन आरपार निळे झाले.

वर्गात हा प्रयोग सोपा आहे. तेरड्याची तीन सारखी रोपे लाल शाईच्या पाण्यात ठेवा. एक पानांसकट, दुसरे पाने काढून आणि तिसरे पूर्ण वाळलेले. दर दहा मिनिटांनी रंग कुठवर आला ते पट्टीने मोजा. पण त्याआधी प्रत्येक रोपात रंग किती चढेल याचा अंदाज मुलांना फळ्यावर लिहायला सांगा, आणि तो कशावरून बांधला, हेही विचारा.