नावाच्या नमुन्यावरून फाईलींचा शोध आणि रिसोडच्या इतिहासाची साधने

संगणकातील फोल्डरमध्ये नावाच्या नमुन्यावरून फाईली शोधण्याची पद्धत हा सामान्यतः संगणकशास्त्राचा विषय मानला जातो. तथापि जुन्या कागदपत्रांच्या प्रतिमा संगणकात साठविल्या जाऊ लागल्यापासून तो इतिहासाच्या साधनचिकित्सेचाही विषय झाला आहे. पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले असत. रुमालावरील नोंद ठाऊक असल्याखेरीज आतील कागद हाती लागणे कठीण. फोल्डरची स्थिती याहून फारशी निराळी नाही.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सापडतो. तेथील युनिक्स प्रणालीच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीत 'ग्लॉब' नावाचा स्वतंत्र प्रोग्राम होता. त्यात * हे चिन्ह कितीही अक्षरांऐवजी, तर ? हे एकाच अक्षराऐवजी योजले जाई. आजच्या स्क्रिप्टमध्येही हाच संकेत चालतो. 'रिसोड*' असा नमुना दिला की त्या नावाने सुरू होणाऱ्या फाईलींची यादी क्षणार्धात मिळते.

जिल्ह्याच्या नावाने साठविलेल्या कागदांबाबत मात्र प्रश्न बिकट होतो. १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यांच्या दप्तरातील 'बासीम' जिल्हा १९०५ साली मोडला व रिसोडचा प्रदेश अकोला जिल्ह्यात गेला. वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला तो १ जुलै १९९८ रोजी. परिणामी केवळ '*वाशीम*' या नमुन्यावर विसंबल्यास मधल्या ९३ वर्षांचे अकोल्याच्या नावाखालील कागद निसटतात. स्क्रिप्ट कोणतीही चूक दर्शवीत नाही. ती निमूटपणे अपुरी किंवा रिकामी यादी देते, आणि त्या यादीच्या आधारे 'साधने उपलब्ध नाहीत' असे विधान प्रबंधात उतरते. साधनांच्या खऱ्या अभावापेक्षा हे अधिक घातक होय.

यात ऱ्हस्व-दीर्घाची भर पडते. वाशिम आणि वाशीम ही दोन्ही रूपे रूढ आहेत. युनिकोडमध्ये वेलांटी हे स्वतंत्र चिन्ह गणले जाते, म्हणून 'वाश?म' हा नमुना दोन्ही रूपे टिपतो. 'शि' हे एकच अक्षर समजून 'वा?म' लिहिल्यास मात्र एकही रूप सापडत नाही. मराठी व्याकरणातील अक्षर आणि संगणकाचे अक्षर यांत हा भेद आहे.

तेव्हा रिसोडच्या अभ्यासकाने '*वाश?म*', '*बास?म*' आणि '*अकोल*' हे तिन्ही नमुने चालविणे क्रमप्राप्त ठरते. शेवटच्या नमुन्याने सबंध जुन्या अकोला जिल्ह्याचे कागद समोर येतात. त्यांतून रिसोडचे वेगळे काढण्यासाठी एकेक फाईल उघडून वाचण्यावाचून गत्यंतर नाही.