धूर काय सांगतो?

जोयड्याहून अणशी घाट उतरून कद्र्याकडे जाताना जुन्या मोटारीची खरी परीक्षा होते. उतारावर चालक ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. पायथ्याशी तो पुन्हा दाबतो, आणि मागे निळसर धुराचा लोट उठतो. ‘इंजिन संपले’ असा निर्वाळा पाहणारे लगेच देतात. आमच्या घरच्या फियाटचेही असेच झाले. एका कारखान्यात काही न तपासता सिलिंडर रिबोअर केले, पिस्टन व रिंगा नव्या घातल्या. शिल्लक पैसे गेले, धूर मात्र कायम राहिला.

पूर्वीच्या मिस्त्रींना अशी घाई परवडत नसे. स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. १९२८ पासून मुंबईत मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये ते काम बंद केले. त्याच वर्षी प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. पण नव्या गाडीसाठी ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून आहे तीच गाडी जगवणे भाग होते, आणि इंजिन उघडण्यापूर्वी धूर वाचण्याची विद्या त्या टंचाईत मुरली.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी; दोष कार्बुरेटरचा किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचा. इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर पाणी आत शिरल्याचे सांगतो. तेथे हेड गॅस्केट पाहावे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. चढावर, ओझ्याखाली तो सतत येत असेल तर संशय पिस्टन रिंगांवर. उतारानंतरच येत असेल तर व्हॉल्व्ह गाइडवर. कारण थ्रॉटल मिटलेला असताना सिलिंडरमधील ओढ वाढते व झिजलेल्या गाइडमधून तेल खाली खेचले जाते. खात्रीसाठी प्लग काढून दाब मोजावा. तो कमी भरल्यास चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावा: वाढला तर झीज रिंगांची किंवा सिलिंडरची; न वाढल्यास व्हॉल्व्ह वा गॅस्केट पाहावे.

पुढे एका वृद्ध मिस्त्रीने मला एवढेच विचारले, “मास्तर, धूर चढावर येतो की उतारावर?” गाइड बदलले आणि धूर थांबला. परंतु सिलिंडरचे कोरून काढलेले लोखंड परत येत नाही. प्रत्येक रिबोअरने इंजिनाचे आयुष्य तेवढे उणे होते. पान्ह्याच्या आधी प्रश्न, हाच त्या टंचाईच्या काळाचा वारसा आहे.