हुंकार

मंडळी, आज ईमेलच्या जुन्या काळातली एक छोटी गोष्ट.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. पुढे काही वर्षांत आमच्या माजिवड्यातही मोडेमची खरखर ऐकू येऊ लागली. परदेशी गेलेल्या मुलांचे फोटो ईमेलने येत. मोडेमचा वेग, सगळं नीट असलं तर, सेकंदाला साधारण पाच किलोबाइट. दोन मेगाबाइटचे फोटो ईमेलमध्ये बसवताना एक तृतीयांशाने फुगतात. म्हणजे उतरायला नऊ मिनिटं.

तशात मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' आणि मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' हे व्हायरस ईमेलमधूनच जगभर पसरले. मग घरोघरी अँटिव्हायरस आले. हा राखणदार सर्व्हर आणि आपला ईमेल प्रोग्राम यांच्या मधे बसे. पत्र आधी पूर्ण स्वतःकडे घेई, तपासे, मगच पुढे देई. तोवर चिडीचूप. इकडे आउटलुक एक्सप्रेस एकच मिनिट वाट पाही आणि संपर्क तोडून टाकी. पुढच्या वेळी तेच पत्र पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या फोटोंमागे कुणाच्या आजारपणाचं पत्र असलं, तर तेही अडकलेलं! गंमत म्हणजे १९९६ च्या पॉप-३ च्या नियमांत सर्व्हरला बजावलेलं होतं, की समोरचा गप्प राहिला तरी निदान दहा मिनिटं थांब.

आउटलुकची मुदत पाच मिनिटांपर्यंत वाढवता येई. पण नऊ मिनिटांच्या पत्राला पाच कशी पुरणार? खरा उपाय राखणदारानेच केला. पत्राच्या माथ्यावर प्रेषक, तारीख, विषय अशा ओळी असतात. तिथे एखादी अनोळखी ओळ आली, तर प्रोग्राम तिच्याकडे लक्ष देत नाही. पण त्याचं घड्याळ मात्र नव्याने सुरू होतं. म्हणून नॉर्टन अँटिव्हायरस 'एक्स-सिमँटेक-टाइमआउटप्रोटेक्शन' अशी ओळ पाठवी. मजकूर तपासणी संपेपर्यंत हातचा राखलेला.

आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण 'हं' म्हणत हुंकार द्यायचो, तसंच हे. फक्त इथे हुंकार सांगणाऱ्याने द्यायचा. त्या ओळीत सांगण्यासारखं काहीच नसे. 'मी आहे, काम चाललंय' एवढं कळलं, की ऐकणारा नऊ मिनिटंही थांबे.

जुनी पत्रं जपली असतील, तर त्यांच्या माथ्यावर अशा ओळी अजून सापडतील. आणि परदेशातल्या भाचरांनो, मोठं पत्र लिहायला सवड नसेल तर राहू दे. मधूनमधून एखादी ओळ तेवढी टाकत जा.