हाडांचे सूप आणि चीजचे पाणी

प्रथिन ते प्रथिन. मटणातले काय आणि दुधातले काय, असे आपण सहज धरून चालतो. या हिशोबाची किंमत पॅरिसच्या गरिबांनी मोजली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील इस्पितळांत मांसाऐवजी हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे सूप दिले जाई. दार्से या रसायनतज्ज्ञाने त्याचा हिरिरीने पुरस्कार केला होता. १८४१ मध्ये माजांदी यांच्या समितीने कुत्र्यांवरील प्रयोगांवरून सांगितले, की नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही. का, ते मात्र उमगले नव्हते.

उत्तर उंदरांनी दिले. ऑसबर्न आणि मेंडेल यांनी १९१४ च्या सुमारास अमेरिकेत उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्यातले झेइन दिले. उंदीर खंगले. ट्रिप्टोफॅन मिसळताच वजन टिकले. लायसिनही घातले, तेव्हा ते वाढू लागले. अमिनो आम्लांचे महत्त्व वर्गात सांगायला यापेक्षा सोपा दाखला आम्हाला ठाऊक नाही.

जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतेच. ते ज्या कोलॅजेनपासून बनते, ते मटणाच्या चिवट पापुद्र्यांतही असते. म्हणून असे मटण वजनात भरले तरी पोषणात उणे पडते.

उलट चीज करताना निथळणाऱ्या हिरवट पाण्यात लिटरमागे जेमतेम सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात, पण त्यांत ट्रिप्टोफॅन, लायसिन, ल्युसिन भरपूर. युरोपात हे पाणी डुकरांना पाजत! पनीरसाठी दूध चांगले तापवतो, त्यामुळे ही प्रथिने बव्हंशी पनीरमध्येच अडकतात. इटलीत चीजचे पाणी पुन्हा तापवून त्यांचा रिकोटा करतात.