पालीच्या घंटेचं कूळ

पेणहून निघालं की वडखळ, नागोठणं, मग वाकण फाटा आणि तिथून डावीकडे पाली. रोहेकरही बल्लाळेश्वराला वाकणवरूनच जातात. देवळात शिरल्यावर हात आधी घंटेकडे जातो. इथली मोठी घंटा मात्र आपल्याकडच्या ओतकामाची नाही, युरोपीय घडणीची आहे. वसई-साष्टीच्या मोहिमेत पोर्तुगीजांचा पाडाव केल्यावर चिमाजी आप्पांनी ती गणपतीला वाहिली, असं परंपरेने सांगतात. म्हणजे जी घंटा एके काळी चर्चच्या मनोऱ्यातून माणसांना प्रार्थनेला बोलावत होती, ती आज मोरयाच्या गजरात वाजते.

तिचं कूळ शोधायला बरंच मागे जावं लागतं. पहिली तीन शतकं ख्रिस्ती लोकांना घंटा परवडणारीच नव्हती. रोमन साम्राज्यात छळाची टांगती तलवार होती. ते घराघरांत गुपचूप जमत. खुणाही तशाच वापरत, मासा किंवा जहाजाचा नांगर, जाणकारालाच कळाव्यात अशा. क्रूस तर गुलामांना आणि बंडखोरांना टांगून मारायचं साधन, तो उघड मिरवणार कोण? सन 313 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने धर्माला मोकळीक दिली, तेव्हा कुठे क्रूस चारचौघांत आला आणि पुढे हाक मारायला घंटा आली. इटलीतल्या नोला गावचा बिशप पॉलिनस याने ती पहिल्यांदा चर्चमध्ये टांगली, अशी आख्यायिका आहे. त्याच्या स्वतःच्या लिखाणात मात्र तिचा उल्लेख नाही.

चर्चमध्ये घंटा टांगण्याआधी तिचा विधी होतो. पूर्वी बिशप तिला पवित्र पाण्याने धूत असे, तेलाचं लेपन करत असे, आत धूप धरत असे आणि तिला एखाद्या संताचं नाव देत असे. लोक याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. सकाळ, दुपार, संध्याकाळ ती वाजली की देवदूताने मरियेला दिलेला निरोप आठवायचा. कुणी गेलं की संथ ठोके. वादळ घोंघावलं की तीच घंटा जोराने वाजवत, कारण तिच्या नादाने दुष्ट शक्ती पळतात अशी श्रद्धा होती. आपल्या देवपूजेतला घंटानादही देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणूनच असतो. हे साम्य मला या सगळ्या कथेत फार मोलाचं वाटतं. पालीला आलेल्या घंटेला काम बदलावं लागलं नाही.

धातूचंही सांगायला हवं. अशा घंटेत साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील असतं. ओठाची कड मुद्दाम जाड ठेवतात, लोलक तिथेच आदळतो आणि नाद लांबतो. अक्षरं आणि चित्रं आधी मेणात करून साच्यात उतरवतात, म्हणून ती घंटेवर उठून दिसतात. ही कला पोर्तुगीजांसोबत इकडेही रुजली. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधली प्रसिद्ध ‘सोन्याची घंटा’ 1652 साली कुंकळ्ळीत ओतली गेली. पण याच धातूंच्या तोफाही होत. युद्ध पेटलं की युरोपात कित्येक घंटा भट्टीत गेल्या.

मे 1739 मध्ये वसई पडली, तेव्हा मराठ्यांनाही तोफा हव्याच होत्या. तरी चर्चमधून आलेल्या या घंटा वितळवल्या नाहीत, देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर नाना फडणीसांच्या देवळापाशी अशीच एक आहे. जवळ जाऊन पाहावं: 1707 हे साल आणि त्यासोबत बाळ येशूला घेतलेली मरियेची उठावाची आकृती. नसरापूरच्या बनेश्वराला 1683 ची घंटा आहे, तिच्यावर क्रूस. भीमाशंकरची 1729 ची, नाशिकच्या नारोशंकराची 1721 ची. क्रूस कुणी कानशीने घासला नाही, मरियेचा चेहरा ठोकून सपाट केला नाही. विजयाची खूण म्हणून ही चिन्हं ठेवली, हे खरंच. पण ज्याची एकदा पूजा झाली ते मोडू नये, ही आपल्याकडची जुनी भीड त्यामागे होती, असंही मला मनापासून वाटतं.

घंटांप्रमाणे माणसंही राहिली. वसईच्या शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मुभा होती. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे एका काठाला रेवदंडा आणि दुसऱ्या काठाला कोर्लई. 1740 च्या तहाने पोर्तुगीजांची ही दोन्ही ठाणी मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज अंमलदार गेले, कोर्लईची ख्रिस्ती वस्ती राहिली. माउंट कार्मेलच्या मातेचं चर्च आणि पोर्तुगीज वळणाची बोली तिथे आजही आहे.

अशी घंटा ज्या ज्या देवळात आहे, तिथल्या विश्वस्तांनी एवढं करावं: तिला ऑइलपेंट फासू नये, त्याने अक्षरं बुजतात. तिच्यावरचं साल, चित्र आणि मजकूर यांचा ठसा कागदावर उतरवून घ्यावा आणि शेजारी मराठीत छोटा फलक लावावा. चतुर्थीच्या रांगेत तासभर उभं राहणाऱ्या माणसाला तो वाचायला वेळच वेळ असतो.